लंडनमधला एसेक्सच्या बंडाचा वॉक आणि नंतर टॉवर: करावा का?

लंडनला येणारे आपले लोक बहुतेक बिग बेन, लंडन आय, मादाम तुसाँ करतात आणि टॉवरला गेलेच तर कोहिनूर बघून बाहेर पडतात, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. आईला घेऊन मी एक गाइडेड वॉक केला, विषय एकच, ८ फेब्रुवारी १६०१ चा रविवार, म्हणजे एसेक्सचा अर्ल रॉबर्ट डेव्हरू याने म्हाताऱ्या एलिझाबेथ राणीच्या दरबाराविरुद्ध तलवार काढली आणि रात्र व्हायच्या आत तोंडावर आपटला तो दिवस. वॉक संपल्यावर टॉवर ऑफ लंडन आम्ही आमचं वेगळं तिकीट काढून केलं. वॉकवाल्यांचं नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि छोटा धंदा आहे, पण असे वॉक तिथे बरेच असतात आणि रस्ता तर कोणालाही स्वतःहून करता येतो, तो पण सांगते. माझे मार्क वॉकला पाचपैकी साडेतीन, टॉवरला पाच.

आधी चांगलं. या वॉकची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो रस्ता. वाचताना "एसेक्स शहरात गेला, कोणी साथ दिली नाही, परत आला" एवढं एका ओळीत संपतं, पण तेच अंतर पायाने चाललात ना की कळतं हा माणूस किती वेळ लोकांच्या दारावरून ओरडत गेला असेल आणि एकही दार उघडलं नसेल. ते कुठल्याच व्हिडिओत कळत नाही.

सुरुवात स्ट्रँडवर, एसेक्स स्ट्रीटच्या तोंडाशी. इथे त्याचा वाडा होता, एसेक्स हाउस, मागची बाजू थेट थेम्स नदीला. वाडा १६७० च्या दशकात पाडला आणि तिथे गल्ल्या पाडून घरं विकली, त्यामुळे आज बघायला वाडा वगैरे काही नाही, पण गल्लीच्या खालच्या टोकाला एक मोठी कमान आणि पायऱ्या आहेत, पाडापाडीनंतरच बांधलेल्या, आणि त्या पायऱ्या उतरताना लक्षात येतं की नदी तेव्हा किती जवळ होती. बाजूला डेव्हरू कोर्ट म्हणून बोळ आहे, तिथल्या पबच्या भिंतीवर वरती एक अर्धपुतळा आहे आणि खाली १६७६ साल कोरलंय. लोक तो आपल्याच एसेक्सचा समजून फोटो काढतात, पण तो त्याच्या मुलाचा, तिसऱ्या अर्लचा मानतात. हाच मुलगा पुढे १६४२ मध्ये राजाविरुद्ध पार्लमेंटच्या फौजेचा सेनापती झाला. गाइडने हे नीट सांगितलं, बरं वाटलं.

आता भांडण काय होतं ते थोडक्यात, कारण वॉकमध्ये हे फार घाईत उरकलं आणि त्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही. एसेक्सचा बाप १५७६ मध्ये आयर्लंडमध्ये वारला, पोरगं राणीचा मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली याच्या पालकत्वाखाली आलं, आणि बर्लीचा स्वतःचा मुलगा रॉबर्ट सेसिल त्याच घरात वाढत होता. एक उंच, देखणा, घोड्यावर शोभणारा, दुसरा ठेंगणा, पाठीत बाक असलेला, पण कागदपत्रांत कोणाला हार न जाणारा. एसेक्सच्या आईने नंतर लेस्टरच्या अर्लशी लग्न केलं, तो राणीचा सगळ्यात लाडका, त्यामुळे या पोराला दरबारात दार उघडंच होतं. १५८७ ला राणीच्या अश्वशाळेचा प्रमुख, १५९३ ला प्रिव्ही कौन्सिलात, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळात. मग सुरू झाली रस्सीखेच. आपला माणूस फ्रान्सिस बेकन याला ॲटर्नी जनरल करा म्हणून एसेक्सने राणीच्या मागे लकडा लावला, पद मिळालं एडवर्ड कोकला. १५९६ मध्ये हा काडिझ बंदर जिंकून हिरो झाला, आणि हा तिकडे समुद्रावर असतानाच इकडे राणीने सेसिलला सेक्रेटरी नेमून टाकलं. म्हणजे लोकांच्या टाळ्या याला आणि शिक्का-मोर्तब त्याला. राणीचा दुसरा लाडका दरबारी वॉल्टर रॅले, त्याच्याशी तर याचं कधी पटलंच नाही.

१५९८ च्या उन्हाळ्यात कौन्सिलच्या बैठकीत आयर्लंडवरून वाद झाला, याने रागारागात राणीकडे पाठ फिरवली, तिने याच्या कानशिलात लगावली आणि याचा हात तलवारीकडे गेला. माझ्या मते गोष्ट तिथेच संपलेली होती, पुढची अडीच वर्षं फक्त ते सिद्ध होत गेलं. तरी दुसऱ्या वर्षी त्याला आयर्लंडला पाठवलं, सुमारे सोळा हजार पायदळ देऊन, तोवर तिकडे एवढं मोठं इंग्लिश सैन्य कधी गेलं नव्हतं. तिथे त्याने आयरिश बंडखोरांचा म्होरक्या ह्यू ओनील याला हरवायचं सोडून, ओनील नदीत घोडा घालून उभा आणि हा काठावर, अशी एकट्याने बोलणी केली, तह केला, राणीने बजावूनही आपल्या लोकांना नाइटहूड वाटत सुटला, आणि मग परवानगी न घेता परत. २८ सप्टेंबर १५९९ ला सकाळी चिखलाने भरलेल्या कपड्यांनी नॉनसच महालात थेट राणीच्या शयनगृहात घुसला. ती ६६ वर्षांची, विग नाही, नटणं-सजणं व्हायचंय. तिने त्या वेळी गोड बोलून त्याला वाटेला लावलं आणि संध्याकाळपर्यंत नजरकैदेत टाकलं.

आता माझी पहिली मोठी तक्रार. गाइडने हे सगळं "म्हातारी राणी आणि तिचा तरुण प्रियकर" असं रंगवलं. लोकांना आवडतं, मान्य, ग्रुपमध्ये हशा पण पिकला. पण बंड झालं ते पैशावरून. गोड वाइन जी बाहेरून यायची, तिच्यावरच्या जकातीचा इजारा एसेक्सकडे दहा वर्षांसाठी होता, तेच त्याचं मुख्य उत्पन्न, त्याच्याच भरवशावर कर्ज काढलेलं, त्याच्यावरच पदरची माणसं पोसलेली. १६०० च्या शरद ऋतूत मुदत संपली आणि राणीने इजारा परत दिला नाही, स्वतःकडे ठेवला. झालं, पायाखालची वाळू सरकली. सावकार दारात, आणि ज्यांना याच्यामुळे दरबारात काहीतरी मिळायचं ते सगळे कोरडे. त्याच्या भोवती जमलेल्यांत आयर्लंडहून परत आलेले बेकार कॅप्टन होते, कर्जात बुडालेले सरदारपुत्र होते, सेसिलच्या गटाने बाजूला टाकलेले होते. प्रेमकथा म्हणून ऐकलंत तर साउथॅम्प्टन आणि रटलंडसारखे तरुण अर्ल यात का उतरले याचं उत्तर मिळतच नाही. गाइडने इजाऱ्यावर एक वाक्य टाकलं आणि पुढे निघाला. मी प्रश्न विचारला तर "येस, मनी वॉज ऑल्सो इम्पॉर्टंट" म्हणाला. ऑल्सो नाही हो, तेच तर होतं.

बरं, रविवारची सकाळ. आदल्या दिवशी याच्या माणसांनी ग्लोब थिएटरच्या नटांना नेहमीपेक्षा चाळीस शिलिंग जास्त देऊन रिचर्ड दुसऱ्याला गादीवरून उतरवतात ते जुनं नाटक करायला लावलेलं. त्याच संध्याकाळी कौन्सिलने एसेक्सला बोलावणं धाडलं, हा आजारी म्हणून गेला नाही. सकाळी चार बडे लोक वाड्यावर आले, त्यात राजमुद्रा सांभाळणारा लॉर्ड कीपर एगर्टन, चीफ जस्टिस पॉपम आणि याचा सख्खा मामा नॉलिस पण. अंगणात गर्दी, आरडाओरडा, याने चौघांना आत पुस्तकांच्या खोलीत कोंडलं आणि दोन-तीनशे माणसं घेऊन बाहेर पडला.

आणि इथे गाइडने एक फार छान गोष्ट केली, त्यासाठी त्याला पूर्ण मार्क. सगळ्यांना स्ट्रँडवर उभं केलं आणि म्हणाला, पश्चिमेकडे व्हाइटहॉल महाल, राणी तिथे, चालत पंधरा-वीस मिनिटं, पहारा तेव्हा अजून नीट लागलेला नाही. पूर्वेकडे सिटी, म्हणजे वेशीच्या आतलं जुनं लंडन, व्यापारी, दुकानदार, चर्चमधून बाहेर पडणारी गर्दी. तुम्ही कुठे जाल? ग्रुपमधले जवळजवळ सगळे व्हाइटहॉलकडे म्हणाले. एसेक्स सिटीकडे गेला. साउथॅम्प्टनच्या घरी म्हणजे ड्रुरी हाउसमध्ये आधी ठरलेला बेत दरबार ताब्यात घ्यायचाच होता, पण याच्या डोक्यात काडिझनंतरच्या टाळ्या होत्या, लोक आपल्यासाठी उठतील असं त्याला खरंच वाटत होतं.

फ्लीट स्ट्रीटवरचा पहिला अर्धा भाग मात्र वाया गेला. बसेस, लॉऱ्या, बांधकामाचा आवाज, वीस-बावीस जणांचा ग्रुप आणि गाइडकडे माइक नाही. मागच्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. आईने शेवटी नाद सोडला आणि इमारती बघत चालली. एवढे पैसे घेता तर कानात घालायचे रिसीव्हर द्यायला हवेत, बाकी बरेच वॉकवाले देतात. पण सेंट डन्स्टन चर्चपाशी थांबलो ते सार्थक झालं. चर्चच्या बाजूच्या दारावर कोनाड्यात एलिझाबेथ राणीचा दगडी पुतळा आहे, १५८६ चा, तिच्या हयातीतला, आणि हा पुतळा मूळचा लडगेटवरचा! शहराच्या वेशीवर पश्चिमेच्या अंगाला होता, म्हणजे स्ट्रँडकडून येणारा एसेक्स याच पुतळ्याखालून आत शिरला. लडगेट १७६० मध्ये पाडला तेव्हा पुतळा इकडे आणला. हातात राजदंड, चेहरा हवापाण्याने थोडा झिजलाय पण घेरदार झगा अजून ठसठशीत दिसतो. तिथून काही पावलांवरून शेकडो बसेस जातात, वर कोणी बघत नाही. तुम्ही बघा.

लडगेट हिलवर सेंट मार्टिन चर्चच्या भिंतीला वेस कुठे होती त्याची पाटी आहे. पुढे सेंट पॉल्स. इथे तेव्हा रविवारच्या प्रवचनाला मोठी गर्दी असायची, ती आपल्या मागे येईल असा त्याचा हिशोब होता. "राणीसाठी! माझ्या जिवावर उठलेत!" असं ओरडत हा चालला, लोक खिडक्यांतून बघत राहिले. काहीजण तर समजले की राणीशी समेट झाला म्हणून मिरवणूक चाललीय. गाइडचं सांगणं इथे सुंदर होतं, आवाज न चढवता, आणि रस्ता पण जरा शांत होता.

आणि मग दुसरी मोठी तक्रार. फेनचर्च स्ट्रीट त्याने गाळली! "वेळ कमी आहे" म्हणून सेंट पॉल्सवरूनच खाली नदीकडे वळवलं. अहो, बंडाचा कणा तिथे मोडला. एसेक्स ज्याच्या भरवशावर शहरात आला तो शेरीफ थॉमस स्मिथ, त्याच्या ताब्यात शहराच्या मिलिशियाची हजार माणसं आहेत असं एसेक्सला वाटत होतं, त्याचं घर फेनचर्च स्ट्रीटला. एसेक्स घामाघूम होऊन त्याच्या घरी पोचला, आणि स्मिथ मागच्या दाराने निघून लॉर्ड मेयरकडे. तोवर सेसिलचा मोठा भाऊ हेराल्ड, म्हणजे सरकारी घोषणा करणारा अधिकारी, बरोबर घेऊन चौकाचौकात एसेक्स देशद्रोही असल्याची द्वाही फिरवत होता. ते ऐकून याची माणसं एक-एक करून अंगावरच्या तलवारी लपवत गल्ल्यांतून पसार झाली.

आणि आपल्या दृष्टीने हा थांबा तर सगळ्यात महत्त्वाचा. हा थॉमस स्मिथ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० ला, म्हणजे या रविवारच्या जेमतेम सहा आठवडे आधी. बंडात हात असल्याच्या संशयावरून त्याला टॉवरमध्ये टाकलं, शेरीफपद गेलं, गव्हर्नरपद गेलं, आणि राणी गेल्यावर नव्या राजाने त्याला नाइट केलं आणि तो परत कंपनीचा गव्हर्नर झाला. कंपनीचा सुरुवातीचा कारभार फेनचर्च स्ट्रीटच्या कडेच्या फिल्पॉट लेनमधून, त्याच्याच घरातून चालायचा. त्याच कंपनीने पुढे सुरतेला वखार घातली, मुंबई घेतली आणि १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर झेंडा लावला. मराठी माणूस लंडनमध्ये असा वॉक करतोय आणि ही गल्ली त्याला दाखवत नाहीत, मला खरंच वाईट वाटलं. आम्ही वॉक संपल्यावर दोघी परत फिरून गेलो. अरुंद गल्ली आहे, सगळी ऑफिसं, सँडविचची दुकानं, जुनं घर काही नाही, तरी आई बराच वेळ तिथे उभी राहिली.

परतीची वाट. दुपारी एसेक्स लडगेटला आला तर वेशीत साखळी ताणलेली आणि लंडनच्या बिशपने गोळा केलेले भालेवाले उभे. झटापट झाली, एसेक्सचा पोऱ्या ट्रेसी मेला, सावत्र बाप क्रिस्टोफर ब्लाउंट जखमी होऊन पकडला गेला, एसेक्सच्या हॅटमधून गोळी आरपार. मग नदीवर क्वीनहाइदला येऊन होडीने घरी. क्वीनहाइदची ती खाच थेम्सच्या काठाला अजून आहे, ओहोटीला गाळ दिसतो, बाजूच्या भिंतीवर शहराच्या इतिहासाचं लांबलचक मोझॅक आहे. वॉक इथे संपतो. चांगली जागा निवडलीय.

घरी पोचला तर कोंडलेले चौघे ओलीस गायब, याच्याच एका साथीदाराने, फर्डिनांडो गॉर्जेसने, सोडून दिलेले. मग वाड्याला वेढा, टॉवरहून तोफा, आत बायको आणि बहीण पेनेलोपी. याने कागद जाळले, त्यात गळ्यात काळ्या पिशवीत बांधलेलं स्कॉटलंडच्या राजाशी संबंधित पत्र पण, आणि रात्री दहाच्या सुमारास शरण. राणी त्या दिवशी व्हाइटहॉलमध्ये नेहमीसारखी जेवली म्हणतात. यावर आई म्हणाली ते मला गाइडच्या सगळ्या बोलण्यापेक्षा पटलं, "म्हातारी झाली म्हणून तिला काही कळत नाही असं समजला गं हा, तिथेच मेला." ६७ वर्षांची बाई, सगळे तिच्या मरणाची वाट बघत पुढच्या राजाशी संधान बांधतायत, आणि तिने याचा फक्त इजारा काढून घेतला आणि हा आपणहून उघडा पडला.

वॉकच्या शेवटी गाइडने अंगठीची गोष्ट सांगितली, राणीने दिलेली अंगठी एसेक्सने तुरुंगातून पाठवली पण नॉटिंगहॅमच्या अर्लच्या बायकोने दाबून ठेवली म्हणून माफी मिळाली नाही वगैरे. वेस्टमिन्स्टर ॲबीकडे तशी एक अंगठी आहे हे खरं, पण गोष्टीला त्या काळातला पुरावा नाही, ती मागाहून रंगत गेली. "अशी दंतकथा आहे" एवढं तरी म्हणायचं ना. त्यापेक्षा खटल्याबद्दल बोलला असता. १९ फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला, आणि ज्याच्यासाठी याने राणीशी भांडून पद मागितलं, पद मिळालं नाही म्हणून स्वतःची जमीन दिली, तोच फ्रान्सिस बेकन सरकारच्या बाजूने उभा राहून याच्याविरुद्ध बोलला. एसेक्सने आरोप केला की सेसिल स्पेनच्या राजकन्येचा गादीवर हक्क मानतो, तर सेसिल पडद्याआडून बाहेर आला आणि सिद्ध कर म्हणाला. याच्याकडे काही नव्हतं. बालपणापासूनचं भांडण त्या पडद्यापाशी संपलं.

टॉवरबद्दल. तिकीट तीस पौंडांच्या वर आहे, आधी ऑनलाइन काढा, आणि आत गेल्यावर पहिल्यांदा बीफीटरची, म्हणजे टॉवरच्या गणवेशातल्या पहारेकऱ्याची, टूर घ्या, ती तिकिटातच असते. ही सगळी माणसं लष्करात बावीस वर्षं किंवा जास्त काढलेली, आवाज असा की माइकची गरज नाही, आईला शेवटच्या रांगेतून प्रत्येक शब्द ऐकू आला. आमच्या बीफीटरला विचारलं तर त्याने टूरनंतर थांबून वायव्य कोपऱ्यातला डेव्हरू टॉवर दाखवला, एसेक्सच्याच नावाने ओळखला जातो, बाहेरूनच बघायचा. टॉवर ग्रीनवर काचेचं स्मारक आहे, वर काचेची उशी, आणि कडेने इथे मारलेल्या दहा जणांची नावं, ॲन बोलिन, जेन ग्रे यांच्यासोबत एसेक्स. २५ फेब्रुवारी १६०१, सकाळी, लोकांसमोर नको म्हणून भिंतींच्या आत. काळा अंगरखा काढला तर आत लालभडक जाकीट. मान तुटायला तीन घाव लागले. रॅले शस्त्रागारातून बघत होता. आणि ज्या नटांनी ते नाटक केलं होतं त्यांनी आदल्याच संध्याकाळी राणीसमोर प्रयोग केला, त्यांना काही शिक्षा झाली नाही.

जवळच सेंट पीटर चॅपलमध्ये त्याला पुरलंय. आत जायची वेळ ठरलेली असते, टूरवाल्याला विचारून घ्या, फोटो काढू देत नाहीत.

कोणी करावा? ज्यांना इतिहास आवडतो आणि दीड-दोन तास चालवतं त्यांनी नक्की, पण आयता वॉक घेण्यापेक्षा माझं मत विचाराल तर स्वतः करा: टेम्पल स्टेशनला उतरा, एसेक्स स्ट्रीट, डेव्हरू कोर्ट, सेंट डन्स्टनचा पुतळा, लडगेट हिल, सेंट पॉल्स, मग चीपसाइडने सरळ फेनचर्च स्ट्रीट आणि फिल्पॉट लेन, तिथून टॉवर चालत दहा मिनिटं. क्वीनहाइद वाटेत घ्यायचं तर सेंट पॉल्सवरून खाली जाऊन परत वर या. रविवारी सकाळी करा, ऑफिसवाली गर्दी नसते आणि ट्रॅफिक कमी असतं, फक्त सिटीतली बरीचशी खाण्याची ठिकाणं रविवारी बंद असतात, डबा बरोबर ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी एसेक्स स्ट्रीटच्या पायऱ्या वरूनच बघाव्यात आणि टॉवरमधल्या फरसबंदीसाठी चांगले बूट घालावेत, पावसात ती फार निसरडी होते.